सात दिवसांची पट्टी

पाथर्डीच्या जनावरांच्या बाजारात कुणालाही विचारा, नालबंद कुठं बसतो? तो काही न बोलता कडुनिंबाखालच्या पत्र्याच्या शेडकडं बोट दाखवील. तिथं मोहियोद्दीन बसतो. अंगानं काटकुळा, साठीला टेकलेला, गुडघे कधीच कामातून गेलेले. पण आडदांड बैल दोराच्या दोन वेढ्यांत आडवा करावा तर त्यानंच. चारी पाय एका गाठीत घ्यायचे आणि तोंडातली बिडी विझायच्या आत नालेच्या आठ पत्र्या ठोकून मोकळं व्हायचं. शेड बापाची, हातोडी बापाची आणि जीभही बापाचीच. "बैल कधी खोडी करत न्हाई, धनी करतो," एवढं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याकडून बैलाला नाल मारून मिळत नसे. लोक ऐकून घेत. दसरा झाला की अर्धा तालुका बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला निघतो, आणि डांबरी सडकेवर बिननालेचा बैल चार दिवस टिकत नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, कान मात्र असावेच लागतात.

नालबंदीच्या जोडीला मोहियोद्दीन हाडं बसवायचा. शेळीचा पाय मोडला, वासराचा मोडला, की आणा चाचाकडं. बांबूच्या चार कामट्या, चुना आणि अंड्याचा पांढरा बलक यांचा लेप, त्यावर सुती कापडाची ओली पट्टी करकचून आवळायची. पट्टी वाळली की आणखी आवळते आणि लाकडासारखी कडक होते. यापुढं एकच नियम होता, तोही बापाचाच. सात दिवस पट्टी सोडायची नाही. "जनावर रडंल. रडू द्यायचं. हाड जुळतंय म्हंजी दुखणारच," तो सांगायचा.

हा नियम मोडला एकट्या बन्सीनं. त्याची शेळी फारच ओरडायला लागली म्हणून त्यानं चौथ्या दिवशी पट्टी कापली, आणि शेळी जन्माची लंगडी झाली. मोहियोद्दीननं भर बाजारात त्याची अशी काही हजेरी घेतली की बिचारा दोन आठवडे बाजाराकडं फिरकला नाही. पुढं कुणाच्याही जनावराला पट्टी बांधताना मोहियोद्दीन ही कहाणी सांगायचाच. बन्सीचं नाव गाळून सांगावी एवढं मोठं मन त्याला देवानं दिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यानंतर पुष्पावती बैल घेऊन आली तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात एक साखळी होती, आणि साखळीला लांब पायांची, पोट पाठीला लागलेली, राखाडी रंगाची कुत्री. ग्रेहाउंड. पुष्पावती आणि तिचा नवरा गोरक्षनाथ दर साल श्रीगोंद्याकडच्या कारखान्यावर तोडीला जात. तिथं कुणी शर्यतीच्या शौकिनानं ही कुत्री हरली म्हणून उसाच्या पाचटात सोडून दिली होती. पायाचं बोट फाटलेलं, अंगभर गोचिड्या. पुष्पावतीनं एकेक गोचीड वेचून काढली, हळद लावली, आपल्या ताटातली भाकरी घातली आणि नाव ठेवलं पाखरी. पोटी मूल नसलेल्या बाईनं कुत्रीला कसं वाढवलं असेल, ते काही वेगळं सांगायला नको.

"चाचा, बैल तर तुमच्या हातचे हायतच," ती म्हणाली. "आवंदा हिला बी तुमच्याकडं ठिवून चालले. तिकडं उसात बिबट्या लई झालाय. गेल्या साली आमच्या टोळीतली तीन कुत्री नेली त्यानं. ही तर आमच्या पाचटाच्या कोपीच्या दारात झोपती. डोळ्यादेखत उचलून नेली तर मी काय करू?"

मग तिनं कुत्रीचं सगळं सांगायला सुरुवात केली. हिला थंडी सोसत नाही, रात्री अंगावर पोतं टाकायचं. नुसत्या फरशीवर झोपू द्यायचं नाही, कोपराची हाडं सोलून निघतात. खाल्ल्या खाल्ल्या पळू द्यायचं नाही, पोट फुगतं. तारेच्या कुंपणाकडं आणि बाभळीकडं सोडायचं नाही. "आन् चाचा, हिची कातडी कागदावानी हाय. पायाला तर मांसच न्हाई, नुसतं हाड आन् कातडं. जपून हात लावा."

मोहियोद्दीन बैलाचं खूर तासत होता. "पोरी, चाळीस वरसं जनावरात गेली माझी," तो मान वर न करता म्हणाला. "तू मला पाय शिकवती व्हय?"

पुष्पावती हसली. कुत्रीच्या कानात काहीतरी बोलली, आणि मागं न बघता गाडीत चढली.

मोहियोद्दीनची बायको सरवरी हिला हा पाहुणा मुळीच पसंत नव्हता. कुत्रं शेडमध्ये, घराच्या उंबऱ्याच्या आत नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. कुत्र्याची लाळ लागली की सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. नमाजाचे कपडे वेगळे आणि धंद्याचे वेगळे. मोहियोद्दीन मुकाट्यानं शेडमध्येच कपडे बदलून घरी येई. तरी सरवरी कुत्रीची भाकरी रोज स्वतःच कुस्करून पाठवायची, आणि दूध उतू गेलं म्हणून साय बाजूला काढून ठेवायची. तिचं दूध अलीकडं फार वेळा उतू जायला लागलं होतं.

पुष्पावतीचा दर रविवारी फोन यायचा. कशी हाय पाखरी? मजेत हाय. खाती का? तुझ्यापेक्षा जास्त खाती. हे सगळं खरंच होतं, अगदी पौष लागेपर्यंत.

जानेवारीतल्या एका सकाळी मोहियोद्दीननं तिला बाजारतळावर मोकळी सोडली. बाजार नव्हता, मैदान रिकामं होतं. एक मांजर आडवं गेलं आणि पाखरी सुटली. ती पळायला लागली की बघणाऱ्याची बिडी हातातच राहायची. पण वळताना तिचा मागचा डावा पाय बैल बांधायच्या दगडी खुंट्याला अडकला, ती कोलमडली आणि ओरडली. मोहियोद्दीन गुडघे विसरून धावला. घोट्याच्या खाली पाय वाकडा झाला होता.

त्याला काळजी वाटली, घाबरला मात्र तो नाही. त्यानं हाड बोटांनी चाचपून सरळ केलं. कामट्या काढल्या, चुना आणि अंडं फेटलं, पट्टी भिजवली. बैलाला बांधतात तसंच, शेळीला बांधतात तसंच. पुष्पावतीचं ते कागदाचं आणि कातडीचं बोलणं त्याला आठवलं का? आठवलं असणार. पण हात चाळीस वर्षं ज्या जोरानं ओढत आले होते त्याच जोरानं त्यांनी ओढलं. शेवटची गाठ मारली आणि तो कुत्रीला म्हणाला, "सात दिवस. मग पळ."

पहिले दोन दिवस पाखरी रडत होती. दातानं पट्टी ओढायला लागली तेव्हा त्यानं तिच्या तोंडाला सुतळीचं मुसकं घातलं. तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली. मोहियोद्दीनला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! "बघ, हाड धरलं," तो सरवरीला म्हणाला. पाय का गप्प झाला, हे चाळीस वर्षांत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुखायला जिवंत मांस लागतं.

त्या रविवारी फोन आला. कशी हाय पाखरी?

"मजेत हाय," मोहियोद्दीन म्हणाला. उगाच पोरीच्या जीवाला घोर कशाला? चार दिवसांत चालायलाच लागेल. लबाडी आपण नेहमी दुसऱ्याच्या काळजीपोटीच करतो, निदान स्वतःला तसं सांगतो.

पाचव्या दिवशी सरवरी भाकरी घेऊन शेडमध्ये आली आणि दारातच थबकली. "कसला वास येतोय हो?"

"चुन्याचा."

"चुन्याला असा वास येत न्हाई. अन् ही कालची भाकरी तशीच हाय. जरा पट्टी सोडून बघा."

"पाचवा दिवस हाय आज," मोहियोद्दीन तडकला. "बन्सीची शेळी विसरली का? सात म्हंजी सात."

तो समोरच्या बैलाकडं वळला. चार मेखा ठोकल्या असतील नसतील, मागून कात्रीचा आवाज आला. सरवरी मातीत मांडी घालून बसली होती. पाखरीचं डोकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं होतं. कुत्रीपासून चार हात लांब राहणारी बाई, आणि तिच्या हातात मोहियोद्दीनची पत्रा कापायची कात्री. वाळलेली पट्टी ती कडाकडा कापत चालली होती. तो ओरडला. तिनं वर पाहिलंही नाही. शेवटची कामटी पडली आणि ती म्हणाली, "या. बघा आता तुमचे सात दिवस."

पायाचा पंजा काळा पडला होता. सुजून दुप्पट झालेला आणि काळा. बांधलेल्या जागी कातडी गळून आत पांढरं दिसत होतं. मोहियोद्दीननं बोटं लावली. कुत्रीचं बाकी अंग तापानं फणफणलं होतं आणि पंजा माठासारखा थंड होता. पाखरीनं त्याचा हात चाटायला मान उचलली, पण मुसकं होतं. त्यानं ते तोडून फेकलं.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर लसीकरणाला खेड्यावर गेले होते. तिथल्या शिपायानं पाय पाहिला आणि नगर गाठा म्हणाला. एसटीचा कंडक्टर घेईना, जीपवाला नाक धरून पुढं गेला. शेवटी कांद्याचा एक टेम्पो मिळाला. कांद्याच्या गोण्यांवर, सरवरीच्या गोधडीत पाखरीला धरून मोहियोद्दीन बसला. ही जुनी गोधडी सरवरीनं घरातून स्वतः आणून दिली होती. करंजीच्या घाटात टेम्पो हिसके द्यायला लागला तसा तो देवाची करुणा भाकू लागला. या अल्ला, जनावर बोलत नाही म्हणून मी हिचं ऐकलं नाही. बोलणाऱ्या बाईनं सांगितलं होतं, तिचंही ऐकलं नाही. आता कुणाचं ऐकायचं असेल ते तू तरी ऐक.

नगरला सावेडीत डॉक्टर धनश्री यांचा दवाखाना होता. तिशीतली बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी पाय पाहिला, ताप मोजला, रक्त घेतलं आणि मग विचारलं, "कुणी बांधली होती ही पट्टी?"

"एकानं," मोहियोद्दीन म्हणाला.

"त्या एकाला सांगा, ही जात म्हणजे बैल नव्हे. हिच्या पायाला चरबी नाही, मांस नाही. दुखापत झाली की पाय सुजणार, आणि त्यावर वाळत जाणारी पट्टी म्हणजे फास. रक्तच बंद झालं. खाली भरपूर कापूस घालायचा, पायाची बोटं उघडी ठेवायची, सकाळ-संध्याकाळ हात लावून बघायचं, गार तर पडली नाहीत ना. एवढं केलं असतं तर पंधरा मिनिटांचं काम होतं." त्या थांबल्या. "पाय काढावा लागेल. आजच. विष अंगात चढायला लागलंय, उद्यापर्यंत कुत्री राहणार नाही. भूलही ह्या जातीला फार जपून द्यावी लागते, उशिरा उतरते. धोका आहे. तुम्ही मालक का?"

मोहियोद्दीनच्या मनात आलं, हो म्हणावं, सही करावी आणि मोकळं व्हावं. पण तोंडातून निघालं, "मालकीन कारखान्यावर हाय."

"मग फोन लावा त्यांना. त्यांनी हो म्हणायला हवं."

फोन लावेपर्यंत त्यानं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. पुष्पावती उसाच्या फडात होती, कोयत्याचे आवाज येत होते.

"पुष्पा, पाखरीला... मोटारसायकलीनं उडवलं. पाय गेला. डॉक्टर म्हनत्यात कापायला लागंल."

कोयत्याचा आवाज थांबला.

"कापायचं न्हाई," पुष्पावती म्हणाली.

"पोरी, डॉक्टर म्हनत्यात..."

"डॉक्टर म्हनत्यातच, चाचा! मला न्हाई का म्हनले? पोटात दुखतंय म्हनून गेले, तर पिशवी काढ न्हाईतर मरशील म्हनले. सव्वीस वरसांची हुते मी. काढली. पुढं दुसरा डॉक्टर म्हनला, गोळ्यांनी बरं झालं असतं. मरायची भीती घालून कापत्यात आन् आपल्याला जलमभर मोकळं करून सोडत्यात. माझ्या पाखरीला मी कापू द्यायची न्हाई."

काचेच्या दारापलीकडं टेबलावर पाखरी आडवी होती आणि सलाइनच्या नळीतून थेंब पडत होते.

"आन् तुमी कशाला गेला तिथं?" पुष्पावती आता रडत होती. "तुमचा हात हाय की. पाय मोडला तर मोडला. तिला घरी न्या आन् तुमीच बांधा. सात दिवसांत जुळवाल तुमी. थांबा, फोन मोठा करते, टोळीतल्यांना इचारा."

फोनमधून फड ऐकू यायला लागला. भोवती माणसं जमली असणार. त्यातल्या प्रत्येकाच्या बैलाला मोहियोद्दीनची नाल होती. गोरक्षनाथ काहीतरी पुटपुटला. मग एक ओळखीचा, भिडस्त आवाज आला. बन्सीचा.

"चाचा, तुमीच बांधा. तुमचा हात खोटा न्हाई. माझ्या शेळीच्या टायमाला मीच चुकलो, पट्टी सोडली. या बारीला कुणी न्हाई सोडायचं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ना, ते मोहियोद्दीनला त्या क्षणी खरोखर हवं होतं. गप्प राहिला तर नाव शाबूत होतं, मोटारसायकल शाबूत होती, आणि कुत्री मेली तरी दोष त्या मोटारसायकलवाल्यावर जाणार होता. फक्त गप्प राहायचं होतं. दाराआड पाखरीची छाती भरभर वरखाली होत होती.

"ऐका," तो म्हणाला. "मोटारसायकल न्हाई. खोटं बोललो मी. पळताना पाय मोडला हुता. मी बांधली पट्टी. बैलाला बांधतो तशी. ती रडली, मी मुसकं घातलं. पाच दिवस सोडली न्हाई. पाय माझ्या पट्टीनं मेला, पुष्पा. समदा काळा पडलाय. रविवारी तू इचारलं तवा बी पट्टी हुती आन् मी मजेत हाय म्हनलो."

तो काचेच्या दाराकडं बघत पुढं बोलला.

"तुझ्या डॉक्टरनं तुला फसवलं आसंल. ही बाई खरं बोलतीय. मी बघितलाय पाय, मला कळतंय. आज न्हाई कापला तर पाखरी मरती." त्याला आणखी एक सांगायचं राहिलं होतं. "आन् बन्सी, तुझी शेळी बी तू लंगडी न्हाई केली. तू चौथ्या दिवशी सोडली म्हनून तिचा पाय तरी राहिला."



"डॉक्टरीनबाईला फोन द्या," पुष्पावती शेवटी म्हणाली.

दोघी काय बोलल्या ते त्याला ऐकू आलं नाही. धनश्रीबाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता, एवढंच कळलं. त्यांनी फोन परत दिला तेव्हा तो बंद झालेला होता.

पाय मांडीपासून काढला. भूल उतरायला संध्याकाळ झाली. पाखरी थरथरायला लागली तेव्हा तिला गोधडीत गुंडाळून, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या लावून मोहियोद्दीन बसून राहिला. तिनं डोळे उघडले, त्याला पाहिलं आणि शेपटी दोनदा हलवली. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. ती शेपटी त्याला सोसली नाही. साठीचा माणूस ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडला.

पाखरी परत आली ती शेडमध्ये नाही, सरवरीच्या ओसरीवर. दोन महिने सरवरीनं जखम धुतली, औषध घातलं आणि दर वेळी सात वेळा हात धुतले. कामट्यांचा भारा तिनं एक दिवस चुलीत घातला. कुणी मोडकं जनावर घेऊन आलं की मोहियोद्दीन दवाखान्याचा रस्ता दाखवायचा. पूर्वी तोंडी लावायला असायची ती बन्सीची गोष्टही आता तो काढत नसे. बाजारात त्याची जीभ गेली की काय, असं लोक एकमेकांना विचारायचे. कारखान्यावरून सगळं समजलेलं असायचं, तरी विचारायचे.

पाडव्याच्या आधी पुष्पावती आली. पाखरी तीन पायांवर उड्या मारत धावली आणि तिच्या अंगावर आदळली. पुष्पावतीनं चौथ्या पायाच्या जागेवर हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. मोहियोद्दीन समोर उभा होता. त्याच्याशी ती एक शब्द बोलली नाही. कुत्री घेतली आणि गेली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. तिचे बैल आता तिसगावच्या नालबंदाकडं जाणार, हे त्यानं मनाशी धरून ठेवलं.

पण दसरा झाला आणि तिची गाडी कडुनिंबाखाली येऊन थांबली. गोरक्षनाथनं बैल सोडले. मोहियोद्दीननं दोर घेतला, बैल आडवा केला, पाय बांधले. पुष्पावतीच्या हातात साखळी होती. पाखरी त्याच्याकडं ओढ घेत होती, पण पुष्पावतीनं साखळी आखडली आणि शेडवरून पुढं चालत गेली. घराच्या उंबऱ्याशी जाऊन तिनं हाक मारली.

सरवरी बाहेर आली.

"चाची, तिकडं बिबट्या अजून हायच," पुष्पावती म्हणाली. "आवंदा हिला तुमच्या हवाली करून चालले. तुमच्याच."

सरवरीनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, पदर खोचला आणि साखळी हातात घेतली. मोहियोद्दीननं मान खाली घातली, बैलाचं खूर मांडीवर घेतलं आणि पहिली मेख अगदी हळू ठोकली.